पिकांचे रोग : आधी ओळख, मग औषध



फेब्रुवारीत गव्हाच्या शेतातून फिरून आल्यावर पायजम्याला नारिंगी भुकटी लागलेली दिसली, की इकडचे लोक 'गेरुआ लगा है' म्हणतात. आपल्या मराठी घरांतून त्यालाच तांबेरा म्हणतात. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बी. पानावरच्या एका बारीक फोडात असे हजारो कण असतात, आणि वारा त्यांना कोसच्या कोस वाहून नेतो.

नर्मदेच्या खोऱ्यात हा पाहुणा जुना आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ज्याचे नाव आपण ऐकतो, त्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या आसपास इथे गव्हावर पडलेल्या रोगाचे वर्णन १८४४ मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात केले आहे. पुढे १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतातला गहू तांबेऱ्याने फार मोठ्या प्रमाणावर बुडाला. त्याहून मागे जायचे तर प्राचीन रोमी लोक या रोगासाठी एक वेगळी देवताच मानीत आणि २५ एप्रिलला तिला बळी देत. ख्रिस्तसभेने पुढे त्याच तारखेला शेतांसाठी विनवण्या म्हणत मिरवणूक काढण्याची प्रथा पाडली. प्रार्थना जरूर करावी. पण रोग कुठून येतो हे कळले तर हातालाही काम मिळते.

ते कोडे आग्र्याचे करमचंद मेहता यांनी सोडवले. १९२३ पासून अनेक वर्षे अभ्यास करून त्यांनी दाखवले की मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बी जगत नाही. ते थंड डोंगरांवर तग धरते, आणि खोडावरचा काळा तांबेरा आपल्या भागात मुख्यतः दक्षिणेकडच्या निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून वाऱ्यावर येतो. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. गव्हाची नरवाई जाळून तांबेरा जात नाही, कारण वैशाखात तो तिथे नसतोच. जळते ती आपल्या जमिनीची ताकद.

मग करायचे काय? सर्वांत स्वस्त उपाय बियाण्यात आहे. लोक-१ हा जुना वाण पुष्कळांना प्रिय आहे, चपातीही चांगली होते. पण तांबेऱ्याला तो सहज बळी पडतो. इंदूरच्या गहू संशोधन केंद्राचे पूर्णा (एचआय १५४४), पूसा मंगल (एचआय ८७१३), पूसा तेजस (एचआय ८७५९) यांसारखे वाण घ्यावेत, आणि सगळ्या शेतात एकच वाण पेरू नये. उशिरा पेरलेला गहू उन्हे वाढताना हिरवाच राहतो, आणि काळ्या तांबेऱ्याला नेमके तेच हवे असते. युरियाचा हातही आवरावा.

जानेवारीपासून आठवड्यातून एकदा शेताच्या आतपर्यंत जाऊन पाहावे. पानावर विखुरलेले गोल, नारिंगी-तपकिरी फोड म्हणजे भुरा तांबेरा. खोडावर लांबट, साल फाडून निघालेले तपकिरी फोड, जे पुढे काळे पडतात, तो काळा तांबेरा. तो जास्त घातक. पान नुसतेच पिवळे असेल आणि बोटाने पुसल्यावर भुकटी लागत नसेल, तर तो तांबेरा नव्हे. नत्राची कमतरता किंवा साचलेले पाणी असेल. फोड दिसू लागताच प्रोपिकोनॅझोल २५ टक्के हे औषध लिटरला १ मिलि या प्रमाणात, एकरी २०० लिटर पाण्यातून फवारावे. कापणीआधी किती दिवस थांबायचे ते बाटलीवर लिहिलेले असते, ते पाळावे.

हरभऱ्याच्या मर रोगाचे याच्या उलट आहे. इकडे त्याला उकठा म्हणतात. ती बुरशी जमिनीतच मुक्काम करते; हरभरा पेरला नाही तरी वर्षानुवर्षे जिवंत राहते. रोप हिरवे असतानाच माना टाकते. ते उपटून खोड उभे चिरावे. आत काळपट रेघ दिसली तर ती मर समजावी. झाड मरायला लागल्यावर कुठलेही औषध त्याला वाचवीत नाही, मग दुकानदार काहीही सांगो. पेरताना किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे, जेजी ११ किंवा जाकी ९२१८ सारखा मर सहन करणारा वाण घ्यावा, आणि त्या तुकड्यात काही वर्षे गहूच करावा.

सोयाबीनचा पिवळा मोझॅक आणि परसातल्या भेंडीच्या पिवळ्या शिरा हे विषाणूचे काम; पांढरी माशी ते पसरवते. बुरशीचे औषध इथे पाण्यात जाते. पहिली दोन-चार पिवळी झाडे दिसताच उपटून पुरावीत. जेएस ९५-६० वर हा रोग लवकर येतो, जेएस २०-२९ बराच टिकाव धरतो.

किडीचे औषध आणि बुरशीचे औषध यांत गल्लत करू नये, हे भोपाळात तरी वेगळे सांगायला नको. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री ज्या कारखान्यातून वायू सुटला, तिथे सेविन हे कीटकनाशक बनत असे. तांबेऱ्यावर त्याचा काडीचा उपयोग नव्हता, तरी शेतकरी एकच डबा सगळ्या दुखण्यांवर वापरताना आम्ही पाहिले आहेत. त्यातले कार्बारिल २०१८ पासून आपल्या देशात बंद आहे. आजही तीन बाटल्या एकत्र करून फवारणारे भेटतात. असे करू नये. तोंडाला कापड बांधून, वाऱ्याकडे पाठ करून फवारावे. रिकामी बाटली घरात तेलासाठी ठेवू नये. औषध चोळलेले रंगीत बियाणे उरले तर ते दळायला किंवा कोंबड्यांना देऊ नये.

रोग ओळखता आला नाही तर पूर्ण झाड मुळांवरच्या मातीसकट उपटून वर्तमानपत्रात गुंडाळावे आणि त्याच दिवशी जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावे. प्लास्टिकच्या पिशवीत ते सडते, आणि मग तज्ज्ञालाही काही सांगता येत नाही.