दारापुढील नदी



सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली एक हदीस आपण मकतबमध्ये असल्यापासून ऐकत आलो आहोत. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना विचारले की, एखाद्याच्या दारापुढून नदी वाहत असेल आणि तो दिवसातून पाच वेळा तिच्यात स्नान करीत असेल, तर त्याच्या अंगावर मळ शिल्लक राहील काय? सहाबांनी नाही असे उत्तर दिले. पाच वेळच्या नमाजचेही असेच आहे, तिच्या योगे अल्लाह पापे धुऊन काढतो, असे प्रेषितांनी (स.) समजाविले.

या हदीसवर प्रवचने पुष्कळ झाली, परंतु ती सारी नमाजविषयी. नदीविषयी सहसा कोणी बोलत नाही. वास्तविक ही उपमा एका गृहीतावर उभी आहे. दारापुढची नदी निर्मळ असली, तरच पाच स्नानांचा उपयोग. मदीनेत बारमाही नदी नव्हती. विहिरी आणि पावसात वाहणारे ओढे एवढेच तेथील लोकांना ठाऊक, तरीही त्यांना ही उपमा तत्काळ समजली. ज्यांच्या दारी खरोखरच नदी आहे अशा कर्जत-भिसेगावच्या मुलांना ती उद्या समजेल की नाही, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

आपली नदी म्हणजे उल्हास. राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांतून ती निघते, कोंडाण्याच्या लेण्यांखालच्या खोऱ्यातून कर्जतला येते, पुढे बदलापूर, उल्हासनगर, कल्याण करीत वसईच्या खाडीला मिळते. पेज, चिल्लार, पोशीर या तिच्या उपनद्याही आपल्याच तालुक्यातील. भिसेगाव रेल्वे स्थानकाला लागून असलेली वस्ती. नदी येथून दिसत नाही म्हणून आपला तिच्याशी संबंध नाही, असे काहींना वाटते. परंतु भिसेगावच्या पत्र्यावर पडलेला पावसाचा थेंब गटारातून, ओहोळातून शेवटी उल्हासलाच जातो. ज्या भूमीवरचे पाणी एका नदीकडे उतरते, त्या सगळ्या भूमीला त्या नदीचे पाणलोट म्हणतात. या अर्थाने आपले अंगण, मस्जिदचे आवार आणि बाजारातील मोरी ही सर्व नदीचीच सुरुवात आहे.

पेज नदीची हकीकत तर मुद्दाम सांगण्याजोगी आहे. कर्जत तालुक्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी डोंगरावरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतील भगिनी एप्रिल-मेमध्ये हंडा घेऊन झऱ्याची वाट तुडवितात. पेज मात्र उन्हाळ्यातही वाहते. कारण १९२२ साली टाटांचे भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. मावळातील आंद्रा नदी अडवून तिचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली सोडण्यात आले, आणि वीज काढून झाल्यावर ते पेजेत येऊ लागले. राजनाल्याच्या पाण्यावर आपल्याकडे जे उन्हाळी भात उभे राहते, ते याच पाण्यावर. आंद्रा इंद्रायणीला, इंद्रायणी भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळते. म्हणजे निसर्गतः पूर्वेच्या समुद्राकडे जाणारे पाणी आपल्या शेतात उतरले आहे आणि त्यासाठी घाटावर कोणाच्या तरी जमिनी पाण्याखाली गेल्या आहेत. सूरह अल-मुअमिनूनमध्ये अल्लाहने स्मरण करून दिले आहे की, आकाशातून पाणी ठराविक मापाने तोच उतरवितो, जमिनीत तोच मुरवितो आणि ते काढून नेण्यासही तो समर्थ आहे. पेजेच्या पाण्याबाबत या आयतीचा अर्थ अधिकच उमगतो. हे पाणी आपल्या कमाईचे नाही. ती अमानत आहे.

अमानत म्हटली की प्रश्न येतो, कोणासाठी? याचे उत्तर हजरत जुबैर (र.) यांच्या प्रकरणात सापडते. मदीनेबाहेर हर्रा भागातून येणाऱ्या पाटाच्या पाण्यावरून त्यांचा एका अन्सारी शेजाऱ्याशी वाद झाला. जुबैर (र.) यांचे शेत वरच्या अंगाला होते. प्रेषितांनी (स.) प्रथम असा सल्ला दिला की, त्यांनी आपले शेत भिजवावे आणि मग पाणी शेजाऱ्याकडे सोडावे. फकीहांनी या हदीसमधून वरच्या शेतकऱ्याचा पहिला हक्क काढला, तसेच त्या हक्काची सीमाही काढली. गरज भागली की पाणी पुढे जाऊ द्यावयाचे. अडवून धरावयाचे नाही आणि, हे ओघानेच आले, नासवून पाठवावयाचे नाही. उल्हासच्या काठी आपण जुबैर (र.) यांच्या जागी आहोत. खालच्या अंगाला बदलापूर आहे, कल्याण आहे, लक्षावधी घरांचे नळ आहेत. त्यांत आपलेच आप्त राहतात. लोकलने तासाभरात ज्यांच्या घरी आपण पोहोचतो, त्यांच्या घागरीत आपण काय पाठविले याचा विचार किती जण करतात?

खाली काय घडले ते न्यायालयाच्या दफ्तरी आहे. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जुलै २०१५ मध्ये लवादाच्या पुणे पीठाने त्या पट्ट्यातील नगरसंस्था व सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर कोट्यवधी रुपयांचा दंड ठेवला. कारखान्यांचे रसायन आणि शहरांचे मैलापाणी हे तेथील मुख्य अपराधी. कर्जतकडे बोट दाखविले गेले नाही म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? हजरत नोमान बिन बशीर (र.) यांच्याकडून आलेल्या जहाजाच्या हदीसमध्ये खालच्या मजल्यावरील लोक, वरच्यांना त्रास नको म्हणून, आपल्याच भागात छिद्र पाडू पाहतात. त्यांचा हेतू वाईट नव्हता. नदीवर कचरा टाकणाऱ्याचा हेतूही बहुधा वाईट नसतो. फरक इतकाच की येथे छिद्र वरच्या मजल्यावर पडते आणि पाणी खालच्यांच्या घरात शिरते.

आता काही कटू गोष्टी, ज्या आपल्या आपल्यांतच बोलावयाच्या आहेत. शनिवार-रविवारी येणाऱ्या सहलकऱ्यांच्या बाटल्या आणि शेतघरांचे सांडपाणी यांवर आपण तावातावाने बोलतो. ते बोलणे रास्त आहे. परंतु ईदुल-अज्हाच्या संध्याकाळी ओहोळाचा रंग कशाने बदलतो? कुरबानी ही इबादत आहे आणि तिचे अवशेष वाहत्या पाण्यात ढकलणे हे शेजाऱ्याला त्रास देणे आहे. या दोन गोष्टी एकाच दिवसाच्या कर्मपत्रिकेत लिहिल्या जातात. पाण्याची ठिकाणे, रस्ता आणि सावली या तीन जागी घाण करण्यापासून प्रेषितांनी (स.) सक्त ताकीद दिली व त्यांना शापास कारण होणाऱ्या जागा म्हटले; अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे. मोहल्ल्याने नदी-विहिरीपासून दूर एक खोल खड्डा आधीच खणून ठेवावा, अवशेषांवर चुना आणि भरपूर माती घालावी. ईदच्या दोन दिवस आधी हे काम तरुणांनी अंगावर घेतले तर ते अवघ्या एका सकाळचे आहे.

दुसरी गोष्ट लिहिताना मला स्वतःची लाज वाटते. कुरआन शरीफची जीर्ण पाने आणि जुनी दीनी पुस्तके ‘ठंडी करण्यासाठी’ नदीत सोडण्याची आपल्या घरांत प्रथा आहे. आमच्या घरी एकदा अशी पाने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, मोठ्या अदबीने, पुलावरून सोडली. दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर ती पिशवी बांबूच्या बेटात अडकून फाटलेली दिसली, आणि पाने चिखलात पसरली होती. ज्यांचा आदर करावयाचा त्यांचाच अनादर झाला, आणि नदीचाही. हनफी फिक्हच्या ग्रंथांत वाहत्या पाण्याचा मार्ग सांगितलेला असला, तरी स्वच्छ कापडात गुंडाळून, पाय पडणार नाही अशा जागी दफन करणे अधिक चांगले मानले आहे. कब्रस्तानच्या एका कोपऱ्यात त्यासाठी जागा राखून ठेवता येते.

वुजूच्या नळाविषयी थोडक्यात. प्रेषित (स.) एक मुद पाण्यात वुजू करीत, म्हणजे साधारण पाऊण लिटर. आपल्या मस्जिदमध्ये नळाखाली बादली ठेवून एकदा स्वतःचा वुजू मोजून पाहावा. वाहत्या नदीच्या काठी बसलो तरी पाणी उधळू नये, अशी समज हजरत साद (र.) यांना दिल्याचे इब्ने माजामध्ये आले आहे. वुजूचे पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात किंवा झाडांच्या मुळाशी वळविले, तर भिसेगावसारख्या दाट वस्तीतही ते जमिनीत मुरते.

मोठे काम एकट्या जमाअतीच्या आवाक्यातले नाही, आणि ते तसे असूही नये. पाणी, गवत आणि अग्नी यांत सर्व माणसे भागीदार आहेत, असे हदीसमध्ये आले आहे. तेथे केवळ मुस्लिमांचा उल्लेख नाही असे मानणाऱ्या विद्वानांशी मी सहमत आहे. नदीवर शेजारच्या आळीतील बांधवांबरोबरच उभे राहावे लागेल. छत्रपती संभाजीनगरात २०२१ च्या सुमारास पालिका, छावणी परिषद, उद्योग आणि नागरिक यांनी मिळून खाम नदीची सफाई व पुनरुज्जीवन हाती घेतले. हीच ती खाम, जिच्या काठी हजरत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची पाणचक्की आहे. दूरवरून नळांनी आणलेल्या पाण्यावर तेथे जाते फिरे आणि फकिरांसाठी व विद्यार्थ्यांसाठी पीठ दळले जाई. आपल्या पूर्वजांनी पाण्याला इबादतीच्या शेजारी जागा दिली होती. मधल्या काळात त्याच काठावर कचऱ्याचे ढीग झाले, आणि शेवटी शहराला एकत्र यावे लागले. उशीर झाल्यावर एकत्र येणे फार महाग पडते.

आपल्याकडे अजून तितका उशीर झालेला नाही. पावसाळा ओसरला आणि भातकापणी उरकली की ओढ्यांत पाण्याची बारीक धार उरते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, त्या एकावर एक रचून घातलेला वनराई बंधारा ही धार अडवितो, जवळच्या विहिरींना पाझर देतो आणि गुरांना, पक्ष्यांना पाणी ठेवतो. पंचवीस-तीस जणांचे हात असतील तर लहान ओढ्यावर एका दिवसात तो उभा राहतो. खर्च जवळपास नाही. गोण्या बांधकामावर मिळतात आणि जागा दाखविण्यास कृषी खात्याचे कर्मचारी साहाय्य करतात. मात्र पहिल्या पावसापूर्वी गोण्या आठवणीने काढाव्या लागतात, नाहीतर त्याच प्लास्टिक होऊन नदीत जातात. हजरत साद बिन उबादा (र.) यांनी दिवंगत मातेसाठी कोणते दान उत्तम, असे विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) पाणी असे उत्तर दिले आणि त्यांनी विहीर खणली. ज्यांना विहिरीचा खर्च झेपत नाही, त्यांनी आई-वडिलांच्या ईसाले-सवाबसाठी बंधाऱ्यावर एक दिवस घालवावा.

कोणी म्हणेल, नदी म्हणजे केवळ कर्तव्यच काय? तसे नाही. मदीनेत मस्जिदसमोर हजरत अबू तल्हा (र.) यांची बैरुहा नावाची बाग होती. प्रेषित (स.) तेथे जात आणि तिचे गोड पाणी पीत. थकल्या मनाने झाडाखाली पाण्याशेजारी बसणे हे आळशीपण नव्हे. हिवाळ्यात, पाणी उतरलेले असताना, मुलाबाळांना घेऊन कोंडिवड्याच्या बाजूला जावे. डबा पानावर खावा आणि पिशवी परत आणावी. मुलांना दाखवावे की खडकावरून येणाऱ्या या पाण्याला रंग नाही, वास नाही, चवीत फरक नाही. फिक्हमध्ये वाहत्या पाण्याच्या शुद्धतेची कसोटी याच तीन गोष्टींवर आहे. मग त्यांना तेथेच वुजू करावयास सांगावे आणि जुहर काठावर अदा करावी. परतताना गाडी बदलापूरच्या पुढे जाणार असेल, तर खिडकीतून तीच नदी पुन्हा दाखवावी, आणि येथे वुजू होईल काय, हे त्यांनाच विचारावे.