गरीला लागलेलं लोखंड

माझं गाव गोव्यात, डिचोली तालुक्यात. एका अंगाला लोखंडाची खाण, दुसऱ्या अंगाला नदी, मधे आमचं घर. गेली तीसेक वर्षं मी गरवतो आहे. गरी टाकून बसलेल्या माणसाकडे वेळ भरपूर आणि मासे कमी असतात. त्या रिकाम्या वेळात उमगलेलं थोडंसं इथे मांडतो.

१. गरवणाऱ्याला नदी आपली वाटू लागते, तीही फार लवकर. सारमानसच्या धक्क्यावर खनिज भरून बार्जी मांडवीतून मुरगाव बंदराकडे निघायच्या. एक गेली की तिची लाट काठावर आपटायची, चिखल ढवळायचा आणि माझं सुंगटाचं, म्हणजे कोळंबीचं, आमिष त्यात गडप व्हायचं. मी मनसोक्त शिव्या द्यायचो. बार्जीवरचा खलाशी मात्र हात हलवायचा. त्याला वाटत असावं, मी त्याला राम राम करतोय. त्याचा कामाचा दिवस होता, माझा रविवार. नदीवर हक्क कोणाचा जास्त, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही.

२. गरी लोखंडाची असते, हे मला चाळिशीत कळलं. चुलत भावाचा टिप्पर खाणीवर चालायचा. गणपतीत जेवताना मी खाणींवर घसरलो, तर तो भात कालवता कालवता म्हणाला, "दादा, तुझी गरी काय बांबूची?" सगळी पंगत हसली. रात्री मी पिशवी उपसून बसलो. पोलादाची गरी, ॲल्युमिनियमचं रीळ, शिशाचं वजन, बॅटरीतलं लिथियम. खाणीतून न आलेलं एकच सापडलं, ते म्हणजे सुंगट. आमच्याकडचा माल आधी बराचसा जपानला जायचा, पुढे चीनला. माझ्या गऱ्या जपानी. आमचाच डोंगर बोटीने जाऊन पाकिटातून परत आला असेल का? सिद्ध करता येणार नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही.

३. डोळ्यांनी दिसतं त्याला पुरावा म्हणायची घाई करू नये. इथे एक टन खनिज काढायला दोन-तीन टन माती उपसावी लागते. तिचे ढीग पावसात वाहून ओढ्यात, शेतात, खाडीकाठच्या खाजनात येतात. ऐन हिवाळ्यातही तंगूस चिमटीतून ओढला की बोटाला गेरू लागायचा. शेवट्याचा कल्ला उघडला तर लाल पाकळ्यांवर बारीक चिखलाची साय. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं, पुढच्या पावसात नदी काचेसारखी! पाऊस आला आणि नदी लालच. आमची जमीनच जांभ्याची, तिला वाहायला खाणवाल्यांची परवानगी लागत नाही. बायकोने काच कुठे आहे, असं विचारलं. पण त्यानंतरच्या डिसेंबरात हातभर खोल गेलेली गरी मला वरून दिसत होती, हेही तितकंच खरं. पावसाचा दोष किती आणि खाणीचा किती, हे कळायला बारा महिने काठावर बसावं लागतं.

४. खाण बंद पडली की नुसते मासे वाढत नाहीत. भावाचा टिप्पर अंगणात उभा राहिला. टायर तडकले, पण हप्ते थांबले नाहीत. २०१४ मध्ये बंदी उठली, तेव्हा त्याने पेढे वाटले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ परवाने रद्द झाले, त्या दिवशी त्याच्या घरी चूल उशिरा पेटली. मी त्याच संध्याकाळी एक भली मोठी चोणक घेऊन परतलो होतो. त्याच्या दारावरून जावं लागतं, म्हणून ती पिशवीत खाली दडवली. आनंद लपवावासा वाटला, की समजावं हिशेब अजून पुरा झालेला नाही.

५. माझ्याही नावावर एक प्रदूषण आहे. प्रत्येक खेपेला एखाद-दुसरं शिशाचं वजन खडकात अडकून तुटतं. तीस वर्षांची बेरीज एकदा कागदावर करायला घेतली आणि अर्ध्यावर सोडली. खाणवाले डोंगरातून धातू काढतात, मी नदीत घालतो. शिसं विषारी आहे, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. तरी नदीच्या नावाने गळा काढताना ते कधी आठवलं नाही.

६. 'हवं की नको' यापेक्षा 'किती आणि केवढ्या घाईने' हा प्रश्न अवघड आहे. तेजीच्या काळात, २०१०-११ च्या सुमारास, गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज जात होतं. २०१४ मध्ये बंदी उठवणाऱ्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीतला दहा टक्के वाटा पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायला सांगितला. हे मला चटकन पटलं, कारण बोटभर पिल्लू गरीला लागलं तर आम्हीही सोडून देतो. फरक इतकाच, की मासा पुन्हा विणीला येतो, डोंगर वीत नाही. समाजाला लोखंड लागतं, मलाही लागतं. पण चीनमध्ये भाव चढला म्हणून आमचा डोंगर दुप्पट वेगाने खाली यावा, ही गरज कोणाची, ते मला अजून कोणी समजावलेलं नाही.

७. मोठं भाषण लहान मागणीत मावतं. २०२२ च्या अखेरीस खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले, तशी खाणींची चर्चा पुन्हा दारात आली. गावातल्या जनसुनावणीला मी चार पानं लिहून नेली. माईक हातात आला आणि घसा कोरडा पडला. तोंडून एवढंच निघालं, "खड्ड्यातलं पाणी निवळल्याशिवाय ओढ्यात सोडू नका, आणि बार्जी भरताना माल सांडू देऊ नका." भाऊ खाण हवी म्हणणाऱ्यांत बसला होता. तो मागून ओरडला, "रस्त्यावरच्या धुळीचंही सांग रे!" टिप्परची धूळ तीस वर्षं त्यानेच गिळली होती.

गेल्या रविवारी तो पहिल्यांदाच माझ्यासोबत काठावर आला. तासाभरात त्याला तांबोशी लागली, मला काहीच नाही. पकडीने गरी सोडवून त्याने ती उन्हात धरली. इतक्या ओढाताणीतही वाकली नव्हती.

"लोखंड चांगलं आहे," तो म्हणाला.

मी गप्प बसलो. मासा त्याचा होता.