भिंत बघून पाणी

आमच्याकडे लातूर-नांदेडला ‘दसरा काढायचा’ म्हणजे घटस्थापनेच्या आधी सगळं घर झाडून, अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं. भिंती त्यात आल्याच. पण आता एकाच घरात चार तऱ्हेच्या भिंती असतात. मागच्या माळवदाच्या खोलीत मातीची, मधल्या घरात चुन्याची, बैठकीत डिस्टेंपरची, स्वयंपाकघरात ऑइलपेंटची. चौघींना एकच ओलं फडकं फिरवलं की दोघी तरी बिघडतात. शिवाय पाणी आहे कुठं सांडायला? १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, ते दिवस ज्यांनी काढले त्यांच्या हातून भिंतीवर बादली ओतवत नाही.

म्हणून आधी भिंत ओळखा. दाराआड बोट ओलं करून घासा. बोटाला भुकटी लागली तर चुना किंवा कोरडा डिस्टेंपर; तिथं पाणी नको. बोट स्वच्छ राहिलं आणि ओल हळूहळू जिरली तर पुसता येणारा डिस्टेंपर किंवा प्लास्टिक पेंट. थेंब तसाच ओघळला तर ऑइलपेंट.

कोरडी झाडणी मात्र सगळ्यांनाच. सामान हातभर पुढं ओढून त्यावर जुनं लुगडं टाका, नाका-तोंडाला उपरणं बांधा. बांबूला कुंचा बांधून आधी तुळया आणि कोपरे, मग वरून खाली भिंत, शेवटी कोनाडे. माळवद असेल तर वरून माती गळतच राहते, तिथं घाई करू नका. चुलीजवळच्या काजळीला पहिल्यांदा ओलं फडकं लावू नका. ती तेलकट असते, पाण्यानं पसरते आणि आत मुरते. मऊ कुंच्यानं एकाच दिशेनं हलकेच ओढा.

आता मातीची भिंत. ही पुसायची नसते, पोतारायची असते. झाडताना तिला तळहातानं ठोकत जा. कुठं पोकळ आवाज आला, पोट सुटल्यासारखं दिसलं किंवा भेगेत बोट शिरलं, तर तिथं थांबा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी आणि आसपासच्या गावांत कोसळल्या त्या बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतीच होत्या. त्यांचा आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते आणि डोक्यावर माळवदाचं ओझं होतं. तेव्हा फुगलेली भिंत सणासाठी लिंपून झाकू नका, जाणकार इंजिनिअरला दाखवा.

भिंत धड असेल तर बारीक भेगा माती, शेण आणि गव्हाचा भुसा कालवून बुजवा आणि एक दिवस वाळू द्या. पांढरी माती फोडून, चाळून रात्रभर भिजत घाला. सकाळी वर तरंगणाऱ्या काड्या काढून ती ताकाइतकी पातळ करा. माती विकत आणा किंवा पडक्या घराची घ्या, गावच्या पांढरीचं टेकाड मात्र खणू नका. तेर गावी अशाच टेकाडांतून सातवाहनकाळातल्या वस्तू निघाल्या आहेत. भिंतीवर पाण्याचा हलका शिपका मारा, सुती पोतेरं बुडवून पिळा आणि पहिला हात आडवा द्या. तो पूर्ण वाळला की दुसरा उभा. ओल्यावरच दुसरा हात फिरवला तर पापुद्रे सुटतात, आणि मग सगळी मेहनत खरवडून काढावी लागते.

चुन्याची भिंत झाडून भागलं नाही तर नवा हात द्या. कळीचा चुना लोखंडी पिंपात भिजवा, प्लास्टिकच्या बादलीत नको, कारण पाणी उकळायला लागतं. आधी पाणी घ्यायचं, मग चुना थोडा थोडा सोडायचा. उलटं केलं तर अंगावर उडतो. डोळ्यांवर चष्मा हवा आणि लेकरं लांब हवीत. डोळ्यात गेलाच तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा आणि लगेच दवाखाना गाठा. रात्रभर मुरलेला चुना फडक्यानं गाळून दुधासारखा पातळ करा. त्यात भिजवलेला बाभळीचा डिंक घातला की अंगाला कमी लागतो, आणि चिमूटभर निळीनं पांढरेपणा खुलतो. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात बरे.

पावसाळ्यानंतर जुन्या घरांत जोत्यालगत पांढरा लोणा फुटतो. तो धुऊ नका. जमिनीतून चढलेलं पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात, तोच लोणा. पाणी लावलं की तो विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशनं खरवडून कागदावर गोळा करा आणि घराबाहेर टाका. त्यावर ऑइलपेंट किंवा सिमेंट थापलं की ओल आणखी वर चढते. गळका नळ, तुंबलेलं गटार, भिंतीला टेकलेला मातीचा ढीग, यातलं काय कारण आहे ते आधी शोधा.

पुसता येणाऱ्या डिस्टेंपरला आणि प्लास्टिक पेंटला पिळलेलं ओलसर फडकं पुरे, घासायचं नाही. ऑइलपेंट धुण्याआधी मेन स्विच बंद करा. एका बादलीत पाच लिटर पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन चमचे, दुसरीत साधं पाणी. इथं खालून वर जा. वरून सुरुवात केली तर मळकट ओघळ खालच्या कोरड्या भिंतीवर उतरतात आणि त्यांचे डाग निघत नाहीत. जुना, पोपडे आलेला ऑइलपेंट पॉलिश पेपरनं कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर नको हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासूनच लागू झाला.

टाइल्सवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर निम्मं पाणी घातलेला व्हिनेगर दहा मिनिटं ठेवून पुसा. शहाबादी किंवा संगमरवरावर तो लावू नका. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

साबणाचं मळकं पाणी संडासात ओतायला ठेवा. दारं-खिडक्या दिवसभर उघड्या राहू द्या. फोटो, कॅलेंडर आणि कपाटं दुसऱ्या दिवशी जागेवर लावा, तीही भिंतीपासून चार बोटं सोडून.