गोळी किती दिवस? : छिन्नमनस्कता व दीर्घकालीन औषधोपचार

ताप उतरला की औषध बंद, हा आपल्याकडील घरोघरचा रिवाज आहे. मधुमेह आणि रक्तदाब यांना तो लागू नाही, हे आता सर्वांना पटले आहे. मनाच्या आजाराबाबत मात्र ते अजून पटलेले नाही. छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनिया या आजारात औषध दीर्घकाळ का घ्यावे लागते, त्याची किंमत काय, आणि ते किती घ्यावे हे कोणी ठरवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करायचा आहे.

या आजारात नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी खात्री वाटते, विचारांची साखळी तुटते. पुढे बोलणे कमी होते, कामातील रस जातो. एका माणसात दोन व्यक्ती असणे म्हणजे हा आजार नव्हे. तो बहुधा विशी-पंचविशीच्या सुमारास, म्हणजे आपल्याच वयात सुरू होतो. म्हणून हा विषय विद्यार्थ्यांना परका नाही.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले. त्यानंतरची पन्नास वर्षे तेथेच काय, जगात कोठेही या आजारावर खात्रीचे औषध नव्हते. रुग्णाला सांभाळणे एवढेच बहुधा हाती असे. आपल्या देशात सर्पगंधेचे मूळ पूर्वापार वापरात होते. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद व रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिचा गुण जगापुढे मांडला. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये डिले व डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन रुग्णांना देऊन पाहिले, आणि पुढे हाच मार्ग रूढ झाला. ही औषधे मेंदूतील डोपामिन या द्रव्याचे कार्य रोखून धरतात. त्यामुळे आवाज आणि संशय ओसरतात.

ओसरतात, परंतु मुळापासून जातातच असे नाही. येथेच दीर्घकाळाचा प्रश्न उभा राहतो. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी शंभरात २७ जणांचा आजार वर्षभरात उलटला. औषधाऐवजी नुसती नकली गोळी दिलेल्यांत हे प्रमाण ६४ होते. शिवाय गोळी सोडल्याबरोबर काही बिघडतेच असे नाही. कित्येकदा काही आठवडे, काही महिने बरे जातात. घरच्यांना वाटते, उगाच घेत होता. मग एके रात्री पुन्हा तेच सुरू होते.

म्हणून गोळी सोडणारा माणूस हट्टीच, असे मात्र म्हणता येत नाही. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूस आमची वस्ती आहे. तेथील एक गृहस्थ अनेक वर्षे ही औषधे घेतात. गोळ्यांचा डबा त्यांच्या पत्नीच्या हाती असतो. मी विचारले तेव्हा ते म्हणाले की आवाज थांबले हे खरे, पण हात कापतो, सकाळी अंग उचलत नाही, आणि चहाचा कप धरताना लोक बघतात. पुस्तकात ज्याला दुष्परिणाम म्हणतात, तो हा. जुन्या औषधांनी अंग ताठरते. फार वर्षांनी कधी जीभ व जबडा आपोआप हलू लागतात. काही नव्या औषधांनी वजन आणि रक्तातील साखर वाढते. क्लोझापिन घेणाऱ्याचे रक्त वरचेवर तपासावे लागते.

मग गोळी कमी करता येईल काय? इंग्लंडमधील एका चाचणीत २५३ रुग्णांपैकी काहींचे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करण्यात आले. २०२३ साली तिचे निष्कर्ष आले. दोन वर्षांत औषध कमी केलेल्यांपैकी शंभरात २५ जणांचा आजार गंभीरपणे उलटला. पूर्ववत घेणाऱ्यांत १३ जणांचा. सामाजिक व्यवहारात मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणजे धोका वाढतो, पण तो सर्वांच्याच वाट्याला येत नाही. कोणाच्या वाट्याला येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून घाई नको.

माझ्या मते चूक दोन्हीकडून होते. घरचे म्हणतात, बरा झाला, आता कशाला? दवाखान्यातील गर्दीत रुग्णाला कोणी विचारीत नाही, तुला काय होते? मानसिक आरोग्यविषयक २०१७ च्या कायद्याने आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. तो कागदावर राहू नये. हात कापतो हे डॉक्टरांना सांगितले, तर मात्रा बदलता येते, औषध बदलता येते, महिन्याचे इंजेक्शनही देता येते. न सांगता सोडली, तर यांतले काहीच होत नाही.

महाशिवरात्रीच्या जत्रेत आमच्याकडे पुष्कळ नवस बोलले जातात. नवस करावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. मात्र नवस फळला म्हणून गोळी सोडू नये. आणि गोळी घेणाऱ्याकडे बघायचेच असेल, तर त्याच्या हाताकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघून बोलावे. एवढे तर आपण विद्यार्थीही करू शकतो.