रोटर बदलायला सांगितलाय? आधी जाडी मोजा

पावसाळा संपला की एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) डिस्क ब्रेकची बिलं फुगतात. चिखलातली बारीक खर पॅडमध्ये अडकते, रोटर (ब्रेकची चकती) घासत राहते, आणि सर्व्हिसिंगला सायकल टाकली की ऐकू येतं, "रोटर गेलेत, दोन्ही बदलावे लागतील." खरंच गेले असतील तर बदलाच, ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको. पण रोटर गेलाय की नाही हे आवाजावरून ठरत नाही, रंगावरून तर नाहीच. ते मुख्यतः जाडीवरून ठरतं. पैसे मोजण्याआधी ती मोजून घ्या.

शिमानोचा नवा रोटर १.८ मिलिमीटर जाड असतो, १.५ वर आला की बाद. स्रॅमचा सेंटरलाइन १.८५ ने सुरू होतो, १.५५ ला संपतो. मागुराचा २ मिलिमीटरचा, पण तो १.८ लाच बदलायचा. म्हणजे १.७ मिलिमीटरचा रोटर शिमानोचा असेल तर अजून चालेल, मागुराचा असेल तर आजच काढावा लागेल. त्यामुळे "सगळ्यांना एकच माप" सांगणाऱ्यावर विसंबू नका. बऱ्याच रोटरवर किमान जाडी कोरलेलीच असते. हबजवळच्या दांड्यांवरची माती पुसा आणि वाचा.

मोजताना एक फसगत होते. पॅड पूर्ण रुंदीला घासत नाही, त्यामुळे काठाला न झिजलेली बारीक कड उरते. व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर बसले की रोटर आहे त्यापेक्षा जाड दिसतो. आत १.४५ असताना १.६ दिसलं तर तुम्ही निर्धास्त घाटात उतराल. चाक काढा आणि जबड्यांची बारीक टोकं कड टाळून पॅड घासतो त्या पट्ट्यावरच टेकवा. तीन-चार ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी आकडा खरा माना. मायक्रोमीटर मिळाला तर उत्तम. भोसरी, सातपूर, शिरोली अशा औद्योगिक भागांत राहत असाल तर जवळच्या लेथच्या वर्कशॉपमध्ये तो असतोच. विनंती केलीत तर मोजून देतील. हाताशी काहीच नसेल तर पट्ट्यावरून बाहेरच्या काठाकडे नख ओढा. नख ठळक अडलं तर मोजल्याशिवाय पुढची राइड नको.

जाडी ठीक असूनही रोटर ताबडतोब काढायची कारणं मोजकी आहेत. दांड्याला किंवा भोकाच्या कडेला तडा, दगडावर आपटून पडलेला तीव्र मोड, दोन तुकड्यांच्या रोटरचे सैल रिव्हेट, किंवा आत ॲल्युमिनियमचा थर असलेल्या रोटरचे पदर सुटणं. यात दुरुस्ती नाही.

उलट ज्यासाठी रोटर उगाच बदलले जातात ती कारणं जास्त आहेत. ब्रेक किंचाळतोय? बहुतेकदा तेल लागलंय किंवा पॅड काचेसारखा गुळगुळीत झालाय. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर पॅड बदला. रोटर निळसर झालाय? तो तापला होता. सरळ असेल आणि जाडी शिल्लक असेल तर राहू द्या. हलका डुलतोय? पाना लावून सरळ करता येतो, मजुरी शंभर-दोनशे रुपये. लिव्हर हँडलपर्यंत येतोय? पॅड संपलेत किंवा लाइनमध्ये हवा आहे. आणि चाक बसवल्यावर घासत असेल, तर आधी ॲक्सल नीट आवळलाय का ते पाहा. त्याला शून्य रुपये लागतात.

आता खर्च. दर दुकानागणिक हलतात, पण अंदाज असा: शिमानोचा साधा १६० मिलिमीटरचा रोटर साधारण सातशे ते बाराशे, मधल्या दर्जाचा दीड ते अडीच हजार, वरच्या दर्जाचा तीन हजारांच्या पुढे. पॅडची जोडी पाचशे ते हजार. बसवायची मजुरी एका चाकाला दीडशे ते तीनशे, वेळ अर्धा-पाऊण तास. माल मागवावा लागला तर आठवडा धरा.

खरेदीआधी जुन्या रोटरवरून तीन गोष्टी जुळवा. व्यास (१६०, १८०, २०३), बसवण्याची पद्धत (सहा बोल्ट की सेंटरलॉक), आणि त्यावर फक्त रेझिन पॅडसाठी असं लिहिलंय का. बऱ्याच स्वस्त रोटरवर हे असतं. त्यावर मेटल पॅड लावलेत तर रोटर भराभर झिजतो आणि बचत उलटते.

बिलात घुसणारे आकडे ओळखा. नुसता रोटर बदलताना ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं) लागत नाही. पिस्टन मागे ढकलले की झालं. "करावंच लागतं" म्हणाले तर कारण विचारा. नव्या रोटरबरोबर नवे पॅड मात्र रास्त आहेत, कारण जुन्या पॅडवर जुन्या रोटरच्या खाचा उठलेल्या असतात. तेल मुरलेले पॅड तर नव्या रोटरवर लावूच नका. मोठा रोटर सुचवला तर अडॅप्टरचे पैसे वेगळे, शिवाय तुमच्या फोर्कला तेवढा व्यास चालतो का ते तपासा. पुढचा आणि मागचा सारखा झिजत नाही, त्यामुळे जो बाद तोच बदला. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर जीएसटी लावू देऊ नका. सायकलच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तो बिलात तसाच दिसला पाहिजे. पक्कं बिल घ्या, जुना रोटर परत मागा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

दोन शॉर्टकट कटाक्षाने टाळा. पहिला, लेथवर फेसिंग मारून घेणं. गाडीच्या डिस्कला ते चालतं. इथे झिजायला जेमतेम ०.२-०.३ मिलिमीटर असतो, तो लेथवरच संपेल. दुसरा, रोटरवर गंजरोधक स्प्रे मारणं. आवाज थांबेल, ब्रेकही थांबेल.

आणि नवा रोटर लावून थेट सिंहगडाच्या घाटात जाऊ नका. आधी सपाट, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घ्या आणि चाक लॉक न करता चालण्याच्या वेगापर्यंत आणा. असं वीसेक वेळा, मग थोड्या जास्त वेगाने आणखी दहा वेळा. दोन्ही चाकांसाठी वेगवेगळं. पकड पहिल्या काही ब्रेकमध्ये कमीच असते, ती वाढल्यावरच उतारावर न्या.