जुने फोटो आणि ऑफिसचा प्रिंटर

प्रश्न : आई-वडिलांच्या लग्नाचे कृष्णधवल फोटो ऑफिसातल्या ऑल-इन-वन प्रिंटरवर स्कॅन केले. ते फिकट आणि धूसर आले. फोटोंसाठी वेगळा स्कॅनर घ्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लगेच खर्च करू नका, आधी सेटिंग तपासा. ही यंत्रे मुख्यतः कागदपत्रांसाठी असतात. त्यामुळे अक्षरे ठळक आणि कागद पांढरा दिसावा, अशी त्यांची मूळ सेटिंग बऱ्याचदा असते. त्यात फोटोतल्या हलक्या छटा पुसल्या जातात. म्हणून ‘फोटो’ हा पर्याय निवडा आणि पार्श्वभूमी पांढरी करणारी सोय बंद ठेवा. कृष्णधवल फोटोही रंगीत स्कॅन करा. पिवळेपणा, डाग नंतर दुरुस्त करणे सोपे जाते.

फोटो वरच्या फीडरमधून कधीही घालू नका. रोलरमुळे ओरखडे पडतात, जुना फोटो दुमडू शकतो. तो काचेवरच ठेवा. अनेक यंत्रांतला सेन्सर काचेला टेकलेला भागच स्पष्ट टिपतो, त्यामुळे वाकलेला फोटो धूसर येतो. काच मऊ कोरड्या कापडाने पुसा.

मूळ आकाराच्या प्रतीसाठी ३०० डीपीआय पुरेसे, दुप्पट मोठ्या प्रतीसाठी ६०० ठेवा. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो. पीडीएफऐवजी टिफ फाइल करा. ती नसेल तर उच्च दर्जाची जेपेग.

एवढे करूनही छटा दबलेल्याच राहिल्या, तरच फोटोंसाठीचा फ्लॅटबेड स्कॅनर घ्या. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ फोटो टाकून देऊ नका.