नर्सची मुलाखत: खर्च किती, वेळ कुणाचा

नर्सिंगच्या मुलांना कॉलेजातून काम मिळतं: नोकरीत असलेल्या एका नर्सची मुलाखत घेऊन या. भाईंदरजवळच्या चौक गावात राहणाऱ्या मुलीपुढे मग प्रश्न येतो, गाठायचं कुणाला आणि खर्च किती?

मुलाखतीचे पैसे द्यायचे नसतात, एक रुपयाही नाही. सही-शिक्क्यासाठी कुणी पैसे मागितले किंवा तयार असाइनमेंट विकत देऊ केली, तर तिथून सरळ निघा. खर्च होतो तो प्रवासाचा आणि कागदांचा.

आधी जवळचं बघा. उत्तनच्या आरोग्य केंद्रातल्या एएनएम सिस्टरांकडे समाजआरोग्याचा अनुभव भरपूर असतो. फक्त लसीकरणाच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी समोर आयांची रांग असते, हातात बाळाचं कार्ड असतं आणि टोचून झालेल्या बाळांना अर्धा तास थांबवून त्यांच्यावरही लक्ष ठेवायचं असतं.

वॉर्डातली स्टाफ नर्स हवी असेल तर भाईंदर पश्चिमेचं भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. आपल्याकडे सगळे त्याला टेंभाच म्हणतात. राई-मुर्ध्यावरून येणारी परिवहनची बस सगळ्यात स्वस्त. रिक्षा मीटरने केलीत तर 1 फेब्रुवारी 2025 पासून किमान भाडं 26 रुपये आहे, आणि चौकपासून ते किमान भाड्यात भागत नाही. मीरा रोडच्या एखाद्या रुग्णालयात जायचं झालं तर भाईंदरहून लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट 5 रुपये, येऊन-जाऊन 10.

दुसरी फेरी वाचवायची असेल तर प्राचार्यांचं पत्र आधी घ्या, मेट्रनच्या नावाने, दोन प्रतींत. एक प्रत द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. पत्राशिवाय गेलात तर 'उद्या या' ऐकावं लागतं आणि बसभाडं दुप्पट होतं. झेरॉक्स, प्रिंट आणि स्पायरल मिळून साधारण 100 ते 150 रुपये धरा.

खरी किंमत मोजते ती सिस्टर, आपल्या वेळेने. पाळी बदलताना ओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला माहिती देणं, चाललेलं असतं: कुठल्या खाटेवर कोण, सलाईन किती उरलं, कुठलं इंजेक्शन राहिलं. त्यात चूक झाली तर रुग्णाला भोगावी लागते. तेव्हा मध्ये बोलू नका. नाइट करून घरी निघालेल्या बाईलाही अडवू नका. 'सिस्टर, तुम्हाला ऑफ कधी आहे? वीस मिनिटं फोनवर बोलू का?' असं विचारा. फोनवर बोलणं झालं तर प्रवासखर्चही वाचतो.

प्रश्न दहाच न्या, पण नेमके. 'नर्सिंग का निवडलं?' याचं उत्तर सगळ्यांकडे तेच मिळतं. 'रात्री दोन पेशंट एकाच वेळी बिघडले तर आधी कुणाकडे धावता?' हे विचारलंत, तर वर्गात न शिकवलेलं काहीतरी हाती लागेल. रेकॉर्डिंग परवानगीनेच करा. वॉर्डात फोटो नको, रुग्णाचं नावही वहीत नको.

सिस्टरचं नाव लिहायचं की नुसतं 'स्टाफ नर्स', हे त्यांनाच विचारा. लिहून झालं की जमा करण्याआधी त्यांना एकदा वाचायला द्या. त्या जास्तीच्या प्रतीचे 20-30 रुपये हिशेबात आधीच धरून ठेवा.